शिकता शिकता चार पैसे

जून उजाडला की आपल्या घराघरांतून एकच संवाद ऐकू येतो. कॉलेजची फी कशीबशी भरून झालेली असते. बसचा पास, मोबाइलचं रिचार्ज, प्रॅक्टिकलचा पांढरा कोट असं एकेक प्रकरण पुढे येत असतं. आणि चिरंजीव किंवा कन्यारत्न स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणतं, "आई, तीनशे रुपये हवे होते." आपण म्हणतो, "परवाच दिले ना?" आणि मग पुढे जे सुरू होतं ते तुम्हांला मी कशाला सांगायला हवं!

आमच्याकडे हा कार्यक्रम दर सोमवारी होत असे. मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, धाकटी नुकतीच कॉमर्सला गेलेली. एकदा मुलगा चिडून म्हणाला, "मग मीच कमावतो काहीतरी." ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता सांगितलं, "आधी पास हो." विषय तिथंच मिटला, असं आम्हां दोघांना वाटलं.

त्यानंतर वैशाखात नात्यातलं एक लग्न होतं. पंगत बसली, मसालेभात झाला, आणि माझ्या शेजारी बसलेल्या वन्संनी मला कोपरानं डिवचलं. "वहिनी, तो जिलबी वाढतोय तो आपला तर नव्हे?" बघते तर काय, तांबडं जाकीट, गळ्यात बो, हातात जिलबीचं ताट, आणि घामाघूम झालेला आमचा मुलगा! सकाळी मित्राकडे अभ्यासाला जातो म्हणून घराबाहेर पडला होता. खोटं कशाला बोलू, माझे कान तापले. वाटलं, उठून निघून जावं. तेवढ्यात तो आमच्या पानांपाशी आला आणि परक्या पाहुण्याला विचारावं तसं त्यानं विचारलं, "जिलबी?" मी म्हटलं, "दोन वाढ." दुसरं काही सुचलंच नाही.

रात्री त्यानं साडेपाचशे रुपये टेबलावर ठेवले. सहावी की सातवी खेप होती म्हणे. "मग लपवलंस कशाला?" असं विचारल्यावर म्हणाला, "तू म्हणाली असतीस, लोक काय म्हणतील." आणि मैत्रिणींनो, मी तेच म्हणाले असते हो!

आणि आम्ही कुठं राहतो, तर साताऱ्यात! कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यात. १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू झालं, आणि तिथली मुलं राबून शिकली. पाणी भरायचं, भाकऱ्या भाजायच्या, शेतात खपायचं आणि शाळेत जायचं. त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले, शेवटी मंगळसूत्रही. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही 'कमवा आणि शिका' याच पायावर. त्याही आधी अण्णासाहेब कर्वे मुंबईला कॉलेजात होते ते शिकवण्या करूनच. त्यांच्या तसबिरींना आपण हार घालतो, आणि आपल्या मुलाच्या हातात जिलबीचं ताट दिसलं की कान तापतात. असो.

तेव्हा पहिली गोष्ट, मूल काम शोधायला लागलं की आधी त्याला कॉलेजच्या ऑफिसात पाठवा. पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना कर्मवीरांच्याच नावानं चालते, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही अशी योजना आहे, आणि इतरही बऱ्याच ठिकाणी आहे. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, ऑफिसातल्या नोंदी, प्रयोगशाळेची मांडामांड, बागकाम, अशी तासावारी कामं असतात. पैसे काही फार मिळत नाहीत. पण जाण्यायेण्याचं भाडं नाही, तास बुडत नाहीत, आणि मुलगी कुठं आहे ते आपल्याला ठाऊक असतं. जागा मात्र मोजक्या असतात, म्हणून अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच करावा. त्याच खिडकीवर शिष्यवृत्तीचीही चौकशी करून घ्यावी. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतल्या ज्या मुली केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जातात, आणि ज्यांच्या घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ झालं आहे. दाखले वेळेवर काढले नाहीत म्हणून ही माफी हातची घालवायची आणि मग मुलीनं महिनाभर राबून तेवढेच पैसे उभे करायचे, यात काय शहाणपण?

आता बाहेरची कामं.

लग्नसराईत केटररकडे वाढपी म्हणून जाणं हे कॉलेजच्या मुलांचं जुनं काम. रोख पैसे मिळतात, जेवण मिळतं, आणि पन्नास माणसांशी अदबीनं बोलायची सवय लागते. आमच्या मुलाला घरी पाण्याचा तांब्या भरून ठेव म्हटलं तर ऐकू येत नसे. आता ताटं पुसून लावतो. पण दोन गोष्टी आधी विचाराव्यात. एक, पैसे त्याच रात्री मिळणार की नंतर. 'पुढच्या लग्नाला एकदम देतो' म्हणणारा केटरर मुलांचे दोन-दोन महिन्यांचे पैसे अडकवून ठेवतो, असा आमचाही एक अनुभव आहे. दुसरं, रात्री परत यायची सोय काय. हा प्रश्न आपण मुलीच्या बाबतीत न चुकता विचारतो, मुलाच्या बाबतीत विचारत नाही. रात्री दीड वाजता हमरस्त्यावर उभं राहणं मुलालाही सोसत नाही हो.

घरोघर डबे आणि सामान पोचवण्याच्या कामाचं सध्या मुलांना भारी वेड आहे. मोटारसायकल आपलीच, वेळ आपली, पैसे आठवड्याला खात्यात. ऐकायला झकास. पण वयाची अठरा वर्षं आणि पक्कं लायसन्स नसेल तर नावही काढू देऊ नका. २०१९ पासून अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. वय झालं असलं, तरी घरच्या गाडीचा विमा अशा धंद्याच्या वापराला चालतो का, हे विमा कंपनीला विचारून घ्या. आणि हिशेब करताना पेट्रोल, ऑइल, टायर हे सगळं वजा करा. माझ्या मते पावसाळ्यात आणि परीक्षेच्या सत्रात हे काम नकोच.

त्यापेक्षा मला मोबाइलवरची कामं आवडतात, आणि तीही परक्यांची नव्हेत, गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांची. तुमच्या आळीत असे किती आजी-आजोबा आहेत बघा, की ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशी, आणि विजेचं बिल भरायचं तर धडकी भरते! पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो घरी बसून मोबाइलवर चेहरा दाखवूनही काढता येतो, पण दाखवायचा कुणी? आमच्या मागच्या वाड्यातली एक मुलगी हे सगळं करते. बिलं, अर्ज, दवाखान्याच्या वेळा, नातवाशी व्हिडिओवर बोलणं. चार घरं धरली आहेत, महिन्याला ठरावीक रक्कम घेते, आणि एका आजींकडे शनिवारी थालीपीठही मिळतं. तिच्या आईनं तिला दोन कडक नियम घालून दिले आहेत, तेही सांगते. कुणाचाही पासवर्ड किंवा पिन आपल्या वहीत लिहायचा नाही, ओटीपी त्यांचा त्यांनीच वाचून घालायचा. आणि रेल्वेची तिकिटं आपल्या नावाच्या खात्यावरून काढून वर पैसे घ्यायचे नाहीत, कारण अधिकृत एजंट नसताना असा धंदा करणं रेल्वेच्या कायद्यानं गुन्हा आहे. हे कित्येक मोठ्यांनाही ठाऊक नसतं.

मराठी टायपिंग चांगलं येणाऱ्या मुलांनाही मागणी आहे. युनिकोडमध्ये शुद्ध टाइप करणारा माणूस शोधायला गेलं की सापडत नाही. प्रबंध, संस्थांचे अहवाल, कुणा काकांच्या आठवणींची वही अशी कामं पानाच्या हिशेबानं मिळतात. इथं घरच्या आईचा मोठा उपयोग होतो. ऱ्हस्व-दीर्घ तपासून द्यायला आपण आहोतच की! तेवढ्यासाठी तरी शाळेतलं व्याकरण कामी आलं.

सणावारी काही करून विकायचं म्हटलं की मुलींच्या डोळ्यांपुढे लगेच आकाशकंदील येतात. माझ्या भाचीची हकीकत ऐका. तिनं आणि मैत्रिणीनं मिळून २० कंदील केले. कागद, काड्या, खळ धरून एकेकाला ४५ रुपये, म्हणजे ९०० रुपये साहित्याला गेले. १२० रुपयांनी १६ खपले, उरलेले चार नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री निम्म्या किमतीत फुंकले. गल्ल्यात २,१६० रुपये जमले, तेव्हा दोघी नाचायच्याच बाकी होत्या. मग माझी बहीण कागद-पेन्सिल घेऊन बसली. साहित्याचे ९०० वजा, रिक्षा आणि टेबलाचं भाडं मिळून १६० वजा, उरले ११००. दोघींत साडेपाचशे-साडेपाचशे. आणि दहा संध्याकाळी दोन-दोन तास खपल्या होत्या, म्हणजे तासाला पुरते अठ्ठावीस रुपयेही पडले नाहीत. पोरींची तोंडं एवढीशी झाली.

पण माझी बहीण बरी, तिनं 'मी म्हटलंच होतं' असं म्हटलं नाही. पुढच्या वर्षी त्याच दोघींनी कंदील विकलेच नाहीत. सोसायटीतल्या मुलांना कंदील करायला शिकवला. मुलामागे दीडशे रुपये, साहित्य त्यांचं, कंदील ज्यानं केला तो त्यानं घरी न्यायचा. १४ मुलं आली. २,१०० मधून साहित्याचे ६३० गेले, १,४७० उरले, आणि सगळं दोन दुपारींत आटोपलं. शिवाय एकही कंदील शिल्लक राहिला नाही. विकण्याच्या वस्तूपेक्षा अंगातली कला खपते, हे त्यांना त्या कागदावरच्या वजाबाकीनं शिकवलं. मेंदीचंही तसंच आहे. श्रावणात आणि लग्नसराईत हात चांगला असलेल्या मुलीला फुरसत नसते. फक्त 'झटपट काळा रंग' देणारे तयार कोन तिला वापरू देऊ नका. त्यांत केसांच्या कलपातलं रसायन असतं, त्यानं हातावर फोड येतात. कोन घरी भिजवलेल्या मेंदीचेच भरावेत. आणि फराळाचे किंवा खाण्याचे पदार्थ विकायचे असतील तर घरगुती असले तरी अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते, ती आधी करून घ्यावी.

आता जे सांगते ते जरा हातातलं काम बाजूला ठेवून वाचा.

आमच्या ओळखीतल्या एका घरचा मुलगा, गरीब स्वभावाचा, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला कॉलेजातल्या कुणीतरी सांगितलं, "तुझं बँकेचं खातं नुसतं वापरायला दे, महिन्याला तीन हजार मिळतील. काम काहीच नाही." त्यानं एटीएम कार्ड दिलं, खात्याला जोडलेलं सिमही दिलं. पहिले तीन हजार आले, त्यातून त्यानं आईला साडी घेतली. आईनं ती नेसून हळदीकुंकवाला मिरवली. दुसऱ्या महिन्यात परराज्यातल्या पोलिसांचा फोन आला. कुणा कुणाला फसवून लुबाडलेले लाखो रुपये त्या खात्यातून फिरले होते. खातं गोठलं. मुलाची शिष्यवृत्ती त्याच खात्यात जमा व्हायची, तीही अडकली. वडील निवृत्तीला आलेले, ते रजा टाकून ठाण्याच्या पायऱ्या झिजवताहेत. त्या माउलीनं ती साडी पुन्हा अंगाला लावलेली नाही.

मुलगा चोर नव्हता. त्याला एवढंच वाटलं होतं की आईकडे हात पसरायला नको. म्हणून म्हणते, मुलांशी याबद्दल आजच बोला, आणि रागावून नव्हे. खातं, कार्ड, सिम भाड्यानं द्यायची वस्तूच नाही. जे काम देण्याआधी आपल्याकडूनच पैसे मागतं, मग त्याला नोंदणी म्हणोत, अनामत म्हणोत की ट्रेनिंगची फी, ते काम नव्हे. मोबाइलवर 'घरबसल्या व्हिडिओ आवडल्याची खूण करा आणि कमवा' म्हणून सुरुवातीला शे-दोनशे देतात, मग 'मोठं टास्क' म्हणून हजारो भरायला लावतात, तीही लबाडीच. आणि फसगत झालीच तर अब्रूच्या भीतीनं गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कराल तितके पैसे वाटेत अडवले जायची आशा जास्त. मुलगा आपल्याला सांगेल की लपवेल, हे मात्र आपण आजवर त्याच्या कामाला हसलो की नाही यावर अवलंबून असतं. मला जिलबीच्या ताटामुळे हे कळलं. त्या मुलाच्या आईला फार महागात पडून कळलं.

सगळ्यांत सोपी आणि सुरक्षित म्हणून मी शिकवणी अगदी शेवटी ठेवली होती, कारण ती आमच्याच घरातली गोष्ट आहे आणि तिच्यात माझी बाजू काही फारशी चांगली नाही.

धाकटीनं दुसरी-तिसरीची पाच मुलं धरली. संध्याकाळी सहा ते सात, मुलामागे ४०० रुपये. पहिल्या दिवशीच तिनं पालकांना सांगून टाकलं की पैसे एक तारखेला आगाऊ, आणि सुट्टी मुलानं घेतली तर वजावट नाही. मला ते फार उद्धट वाटलं. पण सहा महिन्यांत एकाही पालकानं पैसे बुडवले नाहीत, आणि कुणी रागावलंही नाही. पाढे, शुद्धलेखन, वाचन, बस्स. पाटी-पेन्सिल घेऊन बैठक मारून बसवते. वर्गात मागं पडलेला एक मुलगा धडाधडा वाचायला लागला, तेव्हा त्याची आई पेढे घेऊन आली. मी दारात उभी राहून ते घेतले, कौतुकही मिरवलं.

आणि त्याच तासात मी काय करत होते? "अगं, कुकर बंद कर." "अगं, दूधवाला आलाय." "पाच मिनिटं ये गं, कोथिंबीर निवड." तिच्या दादाला केटररकडे जायचं असलं की मी त्याचं जाकीट इस्त्री करून ठेवत होते, आणि तिच्या कामाच्या मध्ये मी स्वतःच दर दहा मिनिटांनी उभी. घराबाहेर जाऊन केलं ते काम, आणि घरात बसून केलं ते नुसतं 'तिचं काहीतरी चाललेलं असतं'. आपण बायका आयुष्यभर ज्या गोष्टीवरून कुढतो, तीच मी माझ्या लेकीला करत होते. एक दिवस तिनं पुढच्या खोलीच्या दारावर पुठ्ठा लावला, 'सहा ते सात आई नाही'. आधी राग आला. मग त्या तासाला कोथिंबीर ह्यांच्यापुढे ठेवायला लागले. देठांसकट निवडतात, पण निवडतात.

पैशांचंही घरात बसून ठरवून घेतलं आहे. कॉलेजच्या दिवसांत दोन तासांपेक्षा जास्त काम नाही, परीक्षेच्या आधी महिनाभर काहीच नाही. आपापला फोन, जाणंयेणं आणि चैन ज्यानं त्यानं आपल्या पैशांतून करायची. किराणा आणि फी आमच्याकडे. काहीजणी म्हणतात, मुलं कमावतात तर घरखर्चाला हातभार का नको? ज्या घरात खरीच गरज आहे तिथली गोष्ट वेगळी, तिथं मूल स्वतःच ओळखतं आणि देतं. पण आपलं भागत असताना त्यांची कमाई डब्यात टाकून घेतली, की पुढच्या वेळी कमाई किती ते आपल्याला कळत नाही. हिशेबाची वही मात्र दोघांनाही ठेवायला लावली आहे. जमा, खर्च, उसने.

त्या 'उसने'च्या पानावर सध्या एकच नाव आहे. दिवाळीच्या आधी भिशीचा हप्ता अडला, तेव्हा मी धाकटीच्या पाकिटातून पंधराशे घेतले होते. तिला सांगून घेतले होते, पण द्यायचे ते डोक्यातूनच गेलं. आईनं लेकीकडून घेतलेले पैसे कुणी परत करतं का, असंही कुठंतरी मनात असणार. एकदा टेबलावर वही उघडी होती, त्यात तिच्या सुबक अक्षरात लिहिलेलं, 'आई, १,५००, उसने'. त्यापुढे तारीख. बोलली मात्र कधी चकार शब्द नाही. मी पाचशे-पाचशेचे तीन हप्ते बांधून घेतले. दोन दिले. तिसरा गेल्या महिन्यात द्यायचा होता, नेमका त्याच आठवड्यात गॅस संपला. परवा बघितलं, तर माझ्या नावापुढे तिनं तांबड्या शाईनं बारीक फुली केली आहे.